क्रुसावरचं साल

अहो, कोरणाऱ्याचं चुकलं असेल, दुसरं काय — इथे लाकडावर आकडे कोरणारा माणूस मक्याची दारू ढोसूनच कामाला बसतो, एकाचा सात करतो, साताचा नऊ करतो — आणि तुम्ही लिमाहून एवढ्या लांब आलात ते एका जुन्या क्रुसावरचा आकडा विचारायला? बसा, बसा. तिथे नको, तिथे पीठ सांडलंय, कोट पांढरा होईल तुमचा. इकडे भट्टीशेजारी या. आणि बाई, त्या मडक्यावरच्या काळ्या झाकणावर हात नका ठेवू — खमीर आहे त्यात, हललं की रुसतं. हां, तिथे ठीक आहे. तुम्ही बोला, मी हात चालू ठेवते, मला थांबून चालायचं नाही. उद्या दुपारी बाराला आमचे मेलेले घरी येतात, परवा बाराला परत जातात, आणि तेवढ्यासाठी अख्ख्या कोयापाता गावाला मेलेल्यांच्या मेजावर मांडायला पावाची बाळं लागतात. ही बघा, बाळ असं वळायचं, गुंडाळल्यासारखं, आणि वर हा चेहरा दाबायचा. चेहरे खालच्या बाजारातून आणते मी, प्लास्टरचे. यंदा सगळे निळ्या डोळ्यांचे आलेत. आता आमच्यातलं कोण मेलं होतं निळ्या डोळ्यांचं? पण मेलेले तक्रार करत नाहीत, जिवंतच करतात.

हो, मी तिची धाकटी बहीण. बेनिग्ना. सगळे बेनी म्हणतात. ती सातुर्निना, आमची सातू, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. ते तुमच्या कागदावरचं दुसरं नाव, सोनेरी तारा की काय, ते आम्ही नाही ठेवलं, ते लिमाच्या साहेबाने ठेवलं. किती म्हणालात? साडेचार सप्तकं? असेल. आम्ही मोजलं नव्हतं, आमच्याकडे मोजायला होतंच काय. आमचे वडील म्हणायचे, ही पोरगी बैलाच्या खालून सुरू करते आणि ससाण्याच्या वर जाऊन थांबते. खोटं नाही ते. गुरांना डाग द्यायच्या दिवशी बैलाच्या शिंगांचा कर्णा वाजवतात ना, तो फुंकणारा म्हातारा एका वर्षी दारू पिऊन आडवा झाला, तर सातूने नुसत्या गळ्यातून तो कर्णा काढला — अकरा वर्षांची होती — आणि गुरं तशीच तिच्याकडे वळली, बाप्ये टोप्या काढून उभे राहिले. हसला नाही कोणी. खालचा आवाज तिचा असा, जन्मतःच. वरचा मात्र —

वरचाही तिचाच. लिहा तुम्ही, वरचाही तिचाच.

तो पुतळा पाहिलात का तुम्ही, चौकातला? कापड टाकलंय, पण मी खालून वाकून बघून आले. मेयर म्हणाला, बेनी आजी, उद्या सकाळी बँडच्या तालावर कापड तुम्हीच ओढायचं, बहीण आहात. मी म्हटलं, माझा खांदा दुखतो. अहो, पुतळ्याचं तोंड उघडं ठेवलंय त्यांनी! असं, ओरडतेय कोणावर तरी असं. आमच्याकडे बाई उघड्या तोंडाने गात नाही. पेरणीला बाप्ये पुढे नांगर-कुदळ चालवतात आणि बायका बांधावर उभ्या राहून गातात, सगळ्यात वरच्या सुरात, डोंगराला ऐकू जावं म्हणून, आणि गाताना हात असा तोंडाशी धरायचा, आडवा. लाज म्हणून नाही. हात थोडा मिटला की सूर झाकला जातो, उघडला की लांब जातो, त्या हातातच सगळी मेख आहे. बघा, पिठाचा हात आहे माझा, पण असा. कळलं? सातूला ते जमत नव्हतं. वर जायची आणि फाटायची. रडायची. मी तेव्हा नऊ वर्षांची, आणि मला येत होतं, कुणी शिकवलं नव्हतं, मला आपसूक यायचं. मग मी तिचा हात धरून तोंडाशी लावला, म्हटलं, असा धर, आणि सूर सोडायचा नाही, हाताला द्यायचा. त्या पेरणीपासून बांधावर आम्ही दोघी शेजारी उभ्या राहायचो. तर वरचा तिचाच, पण — जाऊ दे. हे नका लिहू.

साहेब आला एकोणपन्नास साली, आमच्या देवीच्या जत्रेला, गाणारे शोधत. बारीक मिशी, पायात पिवळे बूट, गावातल्या चिखलाला बघून असा चालायचा, मांजर पाण्यातून चालतं तसा. त्याने आम्हा दोघींना उभं केलं चर्चच्या पायरीवर. आधी सातू गायली, कर्ण्यापासून ससाण्यापर्यंत सगळं. मग मी गायले. मी चांगली गायले हो त्या दिवशी, मला माहीत आहे. त्याने सातूचं नाव लिहून घेतलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि आईला म्हणाला, ही दुसरी पण ठीक आहे. ठीक. भाकरी कशी झालीय, ठीक. खेचर कसं आहे, ठीक. सोळा वर्षांची होते मी, आणि सदुसष्ट वर्षं झाली त्याला, आणि अजून कोणी मला विचारलं ना, कशी आहेस बेनी, तर मी ‘बरी आहे’ म्हणते, ‘मजेत’ म्हणते, तो शब्द तोंडातून काढत नाही. — काय? मघाशी म्हटला मी? तुम्हाला बसवताना? बघा, कसा शिरला.

ती गेली. दोन वर्षं काही निरोप नाही. लिहिता येत नव्हतं तिला, आम्हाला वाचता येत नव्हतं, खेचरवाला सांगेल तेवढं खरं, आणि खेचरवाला काहीच सांगेना. मग दुकानवाल्या आनाक्लेतोकाकाने रेडिओ आणला, गावातला पहिला, आणि रविवारी सगळं गाव त्याच्या ओट्यावर. आणि एका रविवारी त्यातून ती आली. आधी तळातून, कर्ण्यासारखी, मग चढत चढत चढत वर, इतकी वर की काकाचा कुत्रा उठून निघून गेला. लोक म्हणाले, बाई नाही ही, यंत्र आहे. रेडिओतला माणूस म्हणाला, हिला आईबाप नाहीत, ही जंगलात सापडली, पक्ष्यांनी वाढवली हिला. बायका हसल्या. आई हसली नाही. आई बटाट्याच्या पोत्यावर बसली होती, तिने माझा परकर धरला आणि विचारलं, बेनी, ही आपली सातू आहे का गं? आणि सगळा ओटा माझ्याकडे वळला. कारण बांधावर तिच्या शेजारी मी उभी राहायचे, तिचा आवाज माझ्या कानाइतका कुणालाच माहीत नव्हता. मी जे म्हणेन ते.

ओळखता आलं नाही हो मला. रेडिओ तो, खरखर किती — कसं ओळखणार —

तुम्ही असं बघू नका. बाळाला बेदाण्यांचे हात लावायचे राहिले बघा, द्या ती वाटी. ओळखला. पहिल्या श्वासाला ओळखला. वरच्या सुरात एका जागी सूर झाकला जात होता आणि मग उघडत होता, आणि लिमात, न्यूयॉर्कात, अख्ख्या जगात कुणालाही कळलं नसेल ते काय आहे, पण मला कळलं, तो हात होता. मी धरून लावलेला हात. आणि मी म्हटलं, नाही आई, ही आपली नाही. का म्हटलं? पक्ष्यांनी वाढवलं म्हणे! आईच्या तोंडावर! आई काय कोंबडी होती? राग आला मला आईसाठी. असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत होते, की राग आला आईसाठी. तो खोटा नव्हता राग, पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं, ते मी उघडून बघितलं नाही.

मग आईने कोकाची पानं टाकून कौल घेतला. पान उलटं पडलं. आई म्हणाली, तुझा शब्द आणि पान एकच सांगतायत, ती असती तर निरोप आला असता. प्रेत नव्हतं तर आम्ही तिचा परकर आणि टोपी पुरली, असं करतात इथे, बाहेर मेलेल्याचं. आणि त्याच्यावर तो क्रूस, एकावन्न साल. तर कोरणाऱ्याने बरोबर कोरलंय, बाई. त्याला नावं ठेवली मी, तो बिचारा कधीच पीत नव्हता. टोपी मी पुरली माझ्या हातांनी. मातीत ठेवताना वाटलं, आता बोलावं. मग वाटलं, उद्या बोलू. उद्या बोललं तर विचारतील, काल का नाही बोललीस. असं ते एकेक दिवसाने जड होत जातं, आणि एक दिवस उचलत नाही.

मेज तीन वर्षं मांडायचं असतं. तिसरं सगळ्यात मोठं, कारण त्यानंतर आत्मा कायमचा सुटतो, त्याला गात गात वेशीबाहेर पोचवायचं आणि मागे वळून बघायचं नाही. त्रेपन्नचा नोव्हेंबर, दोन तारीख. आईने सगळं केलं होतं सातूच्या आवडीचं — सुक्या बटाट्यांचं सूप, चुलीपाशी पाळतो तो सशाएवढा कुई भाजलेला, पावाचं बाळ मी वळलेलं, ह्याच भट्टीत. घरात पंधरा-वीस माणसं, मेणबत्त्या, सकाळचे अकरा वाजले असतील. आणि दार उघडलं आणि सातू आत आली.

लांब हिरवा कोट, ओठांना लाल रंग, हातात कपड्यांची पेटी. दारात उभी राहून हसली आणि म्हणाली, एवढी गर्दी कुणासाठी? मग तिने मेज बघितलं. मेजावर तिचा फोटो.

ओरडले नाहीत कोणी. तुमच्या लिमात ओरडले असते. इथे त्या दिवशी मेलेले येतातच, बाई, त्यासाठीच तर मांडतात मेज — फक्त ते दिसत नाहीत एवढंच, आणि ही दिसत होती. बायकांनी क्रुसाची खूण केली, बाप्ये भिंतीला लागले. आत्म्याला शिवायचं नसतं, शिवलं की शिवणारा मागोमाग जातो. आईने तिला जवळ घेतलं नाही. आई दोन हात लांब उभी राहिली आणि म्हणाली, आलीस बाळा, लांबून आलीस, बस, जेव. आणि सातू म्हणाली, आई, मी आहे, मी जिवंत आहे! आणि आई म्हणाली — किती मायेने म्हणाली — हो गं, सगळे असंच म्हणतात. सातू आधी हसली. तिला वाटलं थट्टा चाललीय. मग ती बसली आणि सूप प्यायली, प्यावंच लागलं तिला, आई अशी बघत होती की दगडसुद्धा प्यायला असता. वाडगा रिकामा करून तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, बेनी, त्या साहेबाला मी सोडलं, आता कोण गाणार ते मी ठरवते. मी तुला न्यायला आलेय.

मी तुला न्यायला आलेय.

तुम्हाला कळतंय का, मेलेल्या माणसाने त्या दिवशी मेजावर बसून हे म्हणणं म्हणजे काय? आईने किंकाळी फोडली. मधे येऊन उभी राहिली ती, माझ्यापुढे, हात पसरून, आणि आपल्याच लेकीला म्हणाली, नको सातू, एकच राहिलीय मला, हिला नको नेऊस, जा बाळा, जेवलीस ना, आता जा. सातू रडायला लागली. म्हणाली, बेनी, सांग ना ह्यांना. तूच सांग, तुझं ऐकतात सगळे. आणि परत तसंच झालं, पोरी — आनाक्लेतोच्या ओट्यावर झालं तसंच — सगळं घर माझ्याकडे वळलं. एक शब्द होता. पुढे जाऊन तिचा हात धरायचा, बस, शिवायचं तिला, सगळ्यांना दिसलं असतं मी मरत नाही ते. आणि मला ते कळत होतं. आणि मला हेही कळत होतं की ती जिवंत असेल तर मी खोटी. आईने टोपी पुरायला दिली ती माझ्या शब्दावर, तीन वर्षं ऊर बडवला तो माझ्या शब्दावर. आईच्या पाठीमागे उभं राहून मला सातूची दया नाही आली गं, मला माझीच भीती वाटली. लाज वाटते मला हे सांगायला. त्र्याऐंशी वर्षांची झाले, पुरुषांसमोर कपडे काढावेत तशी लाज वाटते.

मी हात तोंडाशी धरला आणि पोचवणीचं गाणं सुरू केलं.

मी सुरू केलं. कुणी सांगितलं नव्हतं, बारा वाजायलाही वेळ होता. बायकांनी उचललं, आणि आम्ही सगळ्यांनी तिला दारातून बाहेर, गल्लीतून, वेशीपर्यंत असं ढकलत नेलं, न शिवता, नुसत्या गाण्याने. आणि काय सांगू तुला, त्या दिवशी मी जे गायले तसं आधी नाही आणि नंतर नाही. डोंगरातून परत येत होता आवाज. शेजारी सातू नव्हती ना उभी — समोर होती. पहिला आवाज माझा होता. आणि मला — देवा — मला बरं वाटलं. गाताना एक क्षण बरं वाटलं मला.

वेशीवर तिने पेटी खाली ठेवली आणि आमच्याकडे तोंड केलं. रंग पुसला गेला होता ओठांचा. तिने माझ्या सुराखाली तिचा तो तळातला सूर धरला, कर्ण्याचा. लोक पळाले. आईला दोघांनी उचलून नेलं. मी एकटी उभी राहिले वरचा सूर धरून आणि ती खालचा धरून, बांधावर उभ्या राहायचो तशा, इतकं — इतकं जुळून आलं होतं — आणि मग माझा श्वास संपला. आणि मी पाठ फिरवली. मागे वळून बघायचं नसतं म्हणून बघितलं नाही, असं मी म्हणते.

आई त्यानंतर दहा वर्षं जगली, सुखात जगली हो. सगळ्यांना सांगायची, माझी सातू येऊन जेवून गेली, कुणाची एवढी येते? मी काय बोलणार होते त्यात. सातू परत आली नाही. तुम्ही म्हणताय शहाण्णव साली वारली ती, परदेशात, आणि कागदांत ह्या गावाचं नाव निघालं. लिहून ठेवलं होतं तिने? बघ. ह्या गावाचं, कोयापाताचं. आणि आता पोरं तिला फोनवर ऐकतात, ह्या भट्टीसमोर उभी राहून ऐकतात, आणि मला म्हणतात, आजी, हे वरचं कसं काढते ती? मी म्हणते, मला काय माहीत, पक्ष्यांनी शिकवलं असेल.

तर तुमच्या पुतळ्याखालच्या दगडावर शहाण्णव कोरा, मेयरला सांगा एकावन्न विसरून जा. नाहीतर — दोन्ही कोरा. एक देवाने नेली त्याचं, एक मी.

काय? नको, नको, ते झाकण — म्हटलं ना, खमीर आहे. बरं, दिसलंच आहे तुम्हाला तर. हो. गाण्याची तबकडी आहे ती. त्या दिवशी पेटीतून काढून मेजावर ठेवली होती तिने, सूप प्यायच्या आधी. मेजावरचं सगळं नंतर वाटून घेतात लोक, कुणाला पाव, कुणाला कुई, ही कुणी घेईना, आत्म्याची वस्तू. मी घेतली. आईला म्हटलं पुरून टाकते, आणि इथे आणली. वाजवायला गावात काही नव्हतं, आणि नंतर आलं तेव्हा मी वाजवली नाही. मडक्याच्या तोंडाला बरोबर बसली, म्हणून. साठ-बासष्ट वर्षं तिच्याखाली पीठ फुगतंय. आईसाठी आणलेली वस्तू चोरली मी, हे एक राहिलं होतं सांगायचं, ते पण आता सांगितलं.

मधे कागदावर? हो, शाईने काहीतरी आहे लिहिलेलं, आहे मला माहीत. छापलेलं नाही, हाताने. शिकली असेल लिहायला तिकडे. मी कुणाला वाचायला लावलं नाही. आईला काहीतरी लिहिलं असणार, ‘आई’ असेल, दुसरं काय — थांब, पदराने पीठ पुसते. हं. वाच. चष्मा लाव हवं तर.

काय?

नाही, नीट वाच. पुसलं गेलं असेल, ‘आई’ असेल ते.

बेनीला? एवढंच? पुढे काही नाही?

बेनीला.

ठेव ते. ठेव म्हणते ना, झाक मडकं, गार हवा लागतेय. भट्टी तापली, बाळं आत टाकायचीत मला, अजून साठ राहिलीत, तुम्ही निघा आता. आणि ते आवाज टिपायचं यंत्र बंद करा तुमचं. मेयरला सांगा कापड दुसऱ्या कुणाला तरी ओढू दे. दार ओढून घ्या जाताना. नाही — काही नाही, पीठ गेलंय डोळ्यात. जा.